सातची रिंग

सोम., ३ नोव्हें.
एच.आय.व्ही. ही अक्षरे या वहीत आज प्रथमच लिहीत आहे. माझी नात मुक्ता हिला ते जन्मापासून आहे. तिचे आईबाप त्यातच गेले. एकोणीस वर्षे ती माझ्यापाशी वाढली, आणि मी येथे दरवेळी 'मु.ची प्रकृती' एवढेच लिहून मोकळा झालो.
सकाळी सातला तिचा फोन वाजला. ती न्हाणीत. वाजणारा फोन उचलावा, एवढेच मला ठाऊक. "कोण बोलत आहे?"  पलीकडून एका मुलीचा आवाज : "सर? तुमी?" आणि फोन बंद.
मु. ओल्या केसांनी धावत आली. "आजो, तो फोन उचलूचो नसता!"

मंगळ., ४
सारा प्रकार काल सायंकाळी समजला. हा आजार असलेल्या तरुण मुलांनीच फोनवरून एकमेकांना सांभाळावे, असा त्यांचा गट आहे. मु.ची सोबतीण रोज सातला एक रिंग देते. म्हणजे, गोळी घेतलीस? मु. गोळी गिळून एक रिंग परत देते. दुसऱ्या कोणी उचलला, तर गुपित फुटू नये म्हणून दुसऱ्या दिवसापासून रिंग देणेच बंद, असा नेम.
"नाव काय तिचे?"
"शेवंती. तुमी कित्याक विचारतास? वळखतास?"
"नाही," म्हणालो.
आज सातला फोन वाजला नाही. मु. गोळी न घेताच तुयेच्या कारखान्यात कामाला गेली.

गुरु., ६
खोटे बोललो. मी डिचोली तालुक्यात मुख्याध्यापक असताना शेवंती पाचवीत होती, लाटंबार्से गावची. तिच्या आजाराची कुजबुज पालकांत झाली. मी तिच्या आजीस पत्र लिहिले : 'विद्यार्थिनीच्या प्रकृतीस असलेली विश्रांतीची आवश्यकता लक्षात घेता...' पत्र तिच्याच हाती दिले. "सर, परत कधी येवचा?" मी हजेरीपट चाळत राहिलो. ती परत आली नाही.
आणि त्याच जूनमध्ये मु.ला पेडण्यात बालवाडीत घातली. तिचे दुखणे मला तेव्हा ठाऊक होते. अर्जात एक अक्षर लिहिले नाही.
तीन दिवस गोळी नाही. रागावलो. मु. म्हणाली, "ती विचारता, आजो. तुमी तपासतास."

शनि., ८
लाटंबार्स्यास जाऊन क्षमा मागावी म्हणून बसथांब्यापर्यंत गेलो, आणि परतलो. मी तिच्या दारात उभा राहिलो, तर गाव पुन्हा विचारील, हे मास्तर कशास आले? आधी मु.ला सांगणे भाग होते. दुपारी सांगितले. दोघांची पेज निवली.
"म्हंजे मी तुमची नात नसतंय, तर माकाय शाळेतसून काडलास असता?"
"होय."
 
ती फोन घेऊन खोलीत गेली, दार लावले. बराच वेळ बोलत होती. एकदा हसली. कशास, ते कळले नाही.

सोम., १०
सातला एक रिंग. मु.ने माझ्यासमोर गोळी गिळली, एक रिंग परत दिली. लगेच फोन पुन्हा वाजू लागला, आणि थांबेना.
"ही माजी न्हय, आजो. माका एकच येता."
माझा हात पुढे झाला नाही. वाजून वाजून बंद झाला.
"सर भियेले म्हणान सांगतंय तिका!" असे म्हणून मु. बस गाठण्यास पळाली. फोन कधी विसरत नाही; आज माझ्या मेजावर ठेवून गेली.
काय बोलावे, याचे तीन मसुदे केले. तिन्ही निर्दोष. ते पत्रही निर्दोष होते. फाडून टाकले.
आठ वाजून दहा मिनिटे. तिने विचारले होते, परत कधी यायचे. फोन लावून नुसते 'शेवंती' म्हणावे, आणि मग