आंग यमूताईचं

३ डिसें. ९६, नागपूर
मोठ्या बहिणीच्या, यमूताईच्या, नाकातली बुरशी डोळ्यामागं चढली. आधीच साखर, त्यात हे. भाऊजी नार्नूरची कापूसवेचणी सोडून संगं आले. मी बोथच्या शाळेतून रजा घेतली. सलाईनमधून बुरशीचं औषध चढलं की ताईला थंडी वाजून पलंग हालते. किडनीबी बिघडून राह्यली. आज डॉक्टरांनी औषध बंद केलं. आता काय?

४ डिसें.
डॉक्टरीणबाईंनी नवं सुचवलं. औषध तेच, पण चरबीच्या अतिबारीक थेंबांत भरलेलं, डोळ्याला न दिसणाऱ्या. पेशंटांवर त्याची अजून पारख चालू आहे म्हणे. संमतीचा चार पानी इंग्रजी कागद. मी डबा आणायला गेली, तेवढ्यात भाऊजींनी अंगठा ठोकला.
ताई भडकली. "आंग माझं, मंग अंगठा तुमचा काऊन?"
भाऊजी बाहेर येऊन मला म्हणे, "भेव वाटलं सुमन, दुसरं काय."

५ डिसें.
बाईंनी तो कागद रद्द केला. नवा मी ओळीओळीनं मराठीत सांगितला. ताई ऐकत होती. मंग बाईंनाच विचारलं, "काम झाल्यावर ते थेंब जातेत कुठं? आंगातच राह्यतेत का?"
"बरेचसे लिव्हरमध्ये जातात. पुढचं सगळं आम्हालाही माहीत नाही."
हे ऐकून ताई निवली. "खरं बोलली बाई. आणा शाई."

९ डिसें.
नवं औषध चढलं, तरी थंडी नाही! लघवी ठीक. देवा.

२१ डिसें.
डोळा वाचला. भाऊजी जिन्यात बसून लेकरासारखे रडले. मी दोन संत्री खाल्ली, किती दिवसांनी चव लागली.

८ जाने. ९७, बोथ
ताई माझ्या घरी. भाकरी मागून खाते, भाजीत मीठ कमी म्हणून मला बोलते. बोल बाई, बोल.

१४ फेब्रु.
नागपूरची तपासणी चांगली. निघताना डॉ.बाईंनी नवंच काढलं. ताईचं थोडं रक्त पुढच्या संशोधनाला ठेवू का? कशाकशाला, ते आज सांगता येत नाही.
ताई म्हणे, "बाहेर निघाल्यावर रगत माझंच राह्यते का?"
बाई हसल्या. "चांगला प्रश्न आहे. द्यायचं का नाही, ते पुढच्या खेपेला सांगा."
बसमध्ये भाऊजी म्हणे दे, मी म्हणे नको. आमचं जुंपलं.
ताईनं खिडकी लावली. "दोघंबी गप बसा. मी अजून इचार करून राह्यली."