मागं मागं येणाऱ्या गाड्या

आये, मुरबाडच्या त्या कपड्यांच्या गोदामात गाड्या अजून तुझ्यासारख्याच मागं मागं चालतात. बुटकी, बिनमाणसाची गाडी जमिनीवरच्या काळ्या पट्टीवरून गल्लीत शिरते, रॅकखाली जाऊन अख्खा रॅक उचलते आणि न वळता तशीच मागं येत टेबलापाशी ठेवते. टेबलाशी दोन माणसं, बाकी गोदामात चिटपाखरू नाही. मी काचेच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसून हे बघते. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गाडी मागं सरकली की माझी मान खाली जाते.

त्या गल्ल्यांत तू मला अजून लख्ख दिसतेस. दुकानाची ऑर्डर आली की बायका ट्रॉली घेऊन आत शिरायच्या, टोकाला वळायला जागा नाही म्हणून अडकायच्या आणि एकमेकींवर खेकसायच्या. तू मात्र रिकामी ट्रॉली थेट टोकाला नेतेस, मग ती ओढत, डावीउजवीकडचे शर्ट त्यात टाकत, पाठीनं चालत बाहेर येतेस. आवणीत भाताची रोपं लावत मागं सरकतात, तश्शी. आपल्या वैशाखरे गावाहून अकरा बायका तूच जीपमध्ये कोंबून कामाला आणल्या होत्यास. त्यांच्यावर ओरडायचीस, "आवणीला काय तोंड पुढं करून चालता गो? मागं या, मागं! लावल्यालं पायाखाली येत नाय." आधी त्या खो खो हसल्या. महिन्याभरात सगळं गोदाम उलटं चालायला लागलं.

मला तिथं चिकटवलंस तेही तूच. बारावी आणि कॉम्प्युटरचा कोर्स एवढ्यावर गोदामाच्या साहेबांपुढं उभी केलीस. "पोर हुशार हाय माझी, तुमी बघा तरी." पुढं साहेबांनीच कोण कशी चालते ते लिहायला सांगितलं. चार दिवस मी कागद घेऊन तुझ्यामागं फिरले.

"कशापायी लिवतेस गो?"

"तुमचं चालणं कमी व्हावं म्हणून."

तू पदरानं घाम पुसलास. "मंग नीट लिव. चुकलीस तर तुला बोलतील." आणि मला पावलं मोजता यावीत म्हणून मुद्दाम हळू चाललीस. साहेबांनी तो कागद नंतर विचारलाही नाही.

मग त्या गाड्या बनवणारे लोक आले, आणि काही महिन्यांत पट्ट्या चिकटल्या, गाड्या आल्या. एका संध्याकाळी ठेकेदारानं फाटकाशी तुम्हा सगळ्यांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मला ठेवलं. माझ्या कागदापायीच काम गेलं, असं बायका बोलू लागल्या. गावात बोअरिंगवर तुझा हंडा उचलायला कुणी हात लावेना. तू भांडायचीस, "तिला कशाला बोलता? तिच्याकडनं सायबानं कागद काढून घेतला, ती काय करणार?" घरी मला म्हणायचीस, "बरं झालं गो, गुडघ्यांना आराम." पण त्यानंतर तू फारशी अंगणाबाहेर पडलीच नाहीस. दोन वर्षांनी गेलीस, तेव्हा त्या अकराजणींपैकी एकच आली, आणि तीही दारातूनच परत फिरली.

साहेबांनी कागद काढून घेतला, असं तुला मीच सांगितलं होतं. आता हे लिहिते आहे, तेही त्याच खणात राहील, जिथं तो कागद होता. आये, ते गाड्या बनवणारे लोक गोदाम मोजून परत निघाले होते. गल्ल्या अरुंद, गाड्यांना वळता येणार नाही, इथं जमायचं नाही, म्हणाले होते. गाड्या आल्या की बायका लागणार नाहीत, हेही मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. ते जीपमध्ये बसले. कागद कुणीही मागितला नव्हता. मी तो खणातून काढला, फाटकापर्यंत धावत गेले, जीपची काच ठोठावली आणि म्हटलं, "वळायची गरजच नाही, सर. माझी आई कशी चालते ते बघा."