पाहुणे आल्याशिवाय एसी लावायचा नाही

ती. वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. इकडे देवाच्या कृपेने सगळे बरे आहेत, घाम सोडला तर कुणाची काही तक्रार नाही. तुमचा गुडघा कसा आहे?

पत्र पोचले. ‘त्या भट्टीतून आईला मी येऊन घेऊन जाते, उन्हाळाभर माझ्याकडेच राहू दे,’ असे तुम्ही लिहिले आहे. मला राग आलेला नाही. (रागावायला अंगात पाणी लागते, ते सध्या बाहेर चालले आहे.) पण घरात नवा एसी असून भट्टी कशी, हे तुम्हाला कुणी नीट सांगितलेले दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

जुना एसी थंडीतच गेला. मेकॅनिकने तो उघडला, आत डोकावला आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात तशा आवाजात म्हणाला, “काकू, कॉम्प्रेसर गेला. करून देतो, पण तेवढ्या पैशांत नवा येईल.” दुकानात गेल्यावर कळले की तेवढ्या पैशांत नव्याचे खोके येते. तांब्याची नळी वेगळी, बाहेरच्या डब्याला टेकायला लोखंडी स्टँड वेगळा, भिंतीला भोक पाडायचे वेगळे (भोक म्हणजे तिथे काही नसणे, त्याचेही बिल होते हे आम्हाला मॅट्रिकपर्यंत शिकवले नव्हते) आणि जुना उतरवायचे आणखी वेगळे. हे शेवटचे मी साफ नाकारले. त्यामुळे जुना वर तसाच आहे, नवा त्याच्या खाली, आणि वरचा थोरल्या दिरासारखा खालच्यावर नजर ठेवून असतो.

पावती घेऊन मी देवापुढे बसले. आकडा मोठ्याने वाचला, त्यालाही कळावा म्हणून. आणि तिथेच तोंडून निघून गेले, “देवा, एवढा टिकू दे, पाहुणे आल्याशिवाय मी याला हात लावणार नाही.” जुन्या पडद्याचे कव्हरही शिवले, झालर लावून. तेव्हा हवा गार होती, वन्सं. गार हवेत माणूस काहीही बोलून बसतो. पण देवापुढचा शब्द, तो ऋतू बघून मागे घेता येत नाही.

ऊन तापले तसे तुमच्या बंधुराजांना एकदम माणसांचे प्रेम आले. ऑफिसातले लोक रोज एकेक करून घरी येऊ लागले. ज्या विमा एजंटाला हे चार वर्षे चुकवत होते, त्याला परवा रस्त्यातून हाताला धरून आणला. तो जेवूनच गेला, आणि जाताना आमची एक पॉलिसी घेऊन गेला. (म्हणजे आम्ही घेतली.) मी हिशेब मांडला तर चहा, साखर आणि दूध विजेच्या पुढे गेलेले. मग मी पाहुणे बंद केले.

त्यावर आईंनी काय करावे? पिशवीत एक लुगडे भरले, शेजारी जाऊन बसल्या आणि तासाभराने आमचीच बेल वाजवली.

“कोण?”

“पाहुणी आहे, दार उघड.”

मी रीतसर पाणी दिले, ख्यालीखुशाली विचारली, कव्हर काढून एसी लावला. पाव तास झाला नाही तोच मटार सोलायला बसल्या. मी म्हटले, “आई, पाहुणे मटार सोलत नाहीत.” तर म्हणाल्या, “मग तू सोल, मी पाहुणीसारखी नावं ठेवते.” पण देवाने मटार पाहिले होते. मी एसी बंद केला.

आता दुपारी मी त्यांना पंख्याने वारा घालते, हात दुखला की त्या मला घालतात. गार दोघींनाही लागत नाही, पण दुपार जाते. रात्री त्यांना झोप नाही हे तुम्ही लिहिलेत ते खरे आहे, ते मी नाकारत नाही. पण त्या गेल्या तर माझ्या हिशेबातली चूक काढायला आणि वर “तरी पोरगी नेटकी आहे” म्हणायला घरात कोण राहील? तुमच्या बंधूंना बेरीज येत नाही.

तेव्हा घाई करू नका, एवढेच. घरातल्या सर्वांना यथायोग्य सांगावे.

तुमची,
भावजय

ता. क. आईंना न्यायला येणारच आहात, तर येऊन राहाच. सख्खी लेक असलात तरी दुसऱ्या घरच्या, म्हणजे देवाच्या लेखी पाहुण्या. ऊन उतरेपर्यंत राहा. फक्त स्वयंपाकघरात हात लावू नका, मटारला तर मुळीच नाही.

ता. क. दुसरे. चहा तुमच्या घरी पितात तसा कमी साखरेचाच मिळेल.

ता. क. तिसरे. पत्र लांबले, क्षमा असावी. लिहायला बसले तेव्हा आई म्हणाल्या, “तिच्याशी बोलतेयस ना? मग ती आलीच की घरात. लाव.” मी देवाकडे पाहिले, त्याने हरकत घेतली नाही. लावला आहे. आई घोरत आहेत. पत्र संपले की बंद करावा लागेल, म्हणून विचारते, गुडघा कसा आहे? आधी उजव्याचे सविस्तर विचारते, मग डाव्याकडे येते.