शिशाचा तिसरा थर

श्चावनित्सा,
१४ ऑक्टोबर १९८६

हांका,
नमस्कार. आईचा खोकला कमी झाला असेल. इथे थंडी वाढली आहे, पण ते तुला काय सांगायचं. तीन घरं सोडून तर राहतेस.

रविवारी मासेमारीच्या स्पर्धेत, पुलाखाली लुत्सेकने डबी उघडली, त्या क्षणी माझं डोकं फिरलं. माशांना फसवायला गळावर दोऱ्याने विणलेल्या बारा नकली अळ्या. पाठ तपकिरी, पोट पिवळं.

"बघ रे कॉलेजवाल्या, स्वतः विणल्यात! तुझ्याच्याने होईल का असं?"

सगळे खिदळले. हांका, मी डावखुरा आहे. माझ्या गाठी उलट्या कलतात. अख्ख्या खोऱ्यात तशी वीण दुसऱ्या कुणाची नाही, आणि त्या बारा मी तुला दिल्या होत्या. तुला!

मी डबी हिसकावली नि दुनायेत्स नदीत उपडी केली. पोटात शिसं, एकही तरंगली नाही. त्याने कॉलर धरली, मी त्याचं नाक फोडलं. माफी मागणार नाही. तू धावत आलीस, रुमाल त्याच्या नाकाला लावलास, आणि मला म्हणालीस, "वेडा झालास का येन्द्रेक? आता शनिवारच्या फेरीआधी आणखी बारा करून दे त्याला. तुला काय, रिकामाच तर असतोस."

रिकामा! "तुझ्याशिवाय गावात करमत नाही" असं तूच लिहिलंस, म्हणून परीक्षेचा पेपर अर्धा टाकून मी क्राकूफहून बस पकडली. वडील अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्याला रिकामा म्हणतात होय?

तू फसवलंस, असं दोन दिवस गावभर ओरडत फिरलो. तेही पुरतं खरं नाही. ऑगस्टमध्ये याच टेबलाशी बसून तू म्हणालीस, "शिशाचा अजून एक थर दे ना." तू मासे धरतेस त्या उथळ काठाला दोन थर पुष्कळ झाले. अळी तळाला न्यायला तीन थर लागतात ते कड्याखालच्या जोरदार धारेत, आणि तिथे कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो तो एकटा लुत्सेक. तू तर गुडघ्यावर पाणी आलं की किंचाळतेस.

मला तेव्हाच कळलं होतं. तरी तिसरा थर गुंडाळला. तेवढाच अर्धा तास तू जास्त बसणार होतीस.

आता त्यालाच बसव डाव्या हाताने गाठी मारायला.

हे पत्र टेबलावर ठेवतोय. माझ्यासाठी नाही, पण अळ्या न्यायला तू येशीलच. सातच्या बसने निघतोय. कुठे, ते विचारायचा हक्क तुला ठेवलेला नाही. आता उठतो नि दार ओढून घेतो.

येन्द्रेक