बाबांना मानवलेली गोळी

बाबा, तुम्ही कोणती गोळी घेत होतात, एवढं एक सांगून गेला असतात तर काय बिघडलं असतं?

मला डिप्रेशन आहे. हे तुम्हाला पत्रातच सांगता येतं, कारण समोर असतात तर तुम्ही पेपर उघडून बसला असतात. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेली गोळी मला मानवत नाही. बँकेच्या काउंटरवर एका जागी बसवत नाही, आत कोणीतरी सारखं ढवळत असल्यासारखं वाटतं. हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला असा त्रास होता का, त्यांना कोणतं औषध लागू पडलं होतं? कधी कधी तेच रक्ताच्या माणसालाही चालतं म्हणाल्या. मी म्हटलं, वडिलांना होता. औषधाचं नाव? माहीत नाही. त्या पेन धरून वाट बघत राहिल्या आणि मला तुमचा असा राग आला की काय सांगू.

ती कापसाची वाईट वर्षं होती. तुम्ही पांढरकवड्याच्या खरेदी केंद्रावर ग्रेडर. भाव पडलेले, आवारात गाड्यांची रांग, आणि प्रत्येक गाडीतला कापूस उपसून, दोन्ही अंगठ्यांत धागा ताणून, प्रतवारी सांगणारे तुम्ही. लोक तुम्हाला तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे शिव्या देत. शेतकऱ्यांच्या मनाचं काय झालं हे विचारायला मुंबईहून माणसं येत होती, ते बरोबरच होतं. ग्रेडर घरी येऊन भिंतीकडे तोंड करून का झोपतो, हे मात्र आम्हीही विचारलं नाही.

तुमची पहिली गोळीही मानवली नव्हती, एवढं मला आठवतं. हात थरथरायचे. मी डबा द्यायला केंद्रावर आले होते त्या दिवशी तुमच्या हातातला कापूस खाली पडतो, तुम्ही पुन्हा उचलता, पुन्हा पडतो. गाडीवरचा माणूस शेजारच्याला म्हणतो, "साहेब सकाळीच पिऊन आले वाटते." तुम्ही आयुष्यात दारूला शिवला नाहीत. तुम्ही पुढच्या गाडीकडे वळलात. त्या दिवसापासून गोळी बंद, कोणाला न विचारता. मग जे हाल झाले ते आईने काढले. झरी जामणीकडच्या भगताचा अंगारा झाला, डोक्याला ब्राह्मीचं तेल झालं, आत्याने तर घराचं दार बदलायला सांगितलं. तुम्ही सगळ्याला मान डोलवायचात आणि तसेच पडून राहायचात.

मग पुसदच्या डॉक्टरांकडे फेरे सुरू झाले. आम्हाला सांगितलं, ऑफिसचं काम. ऑफिसच्या कामाला आई कशाला लागते, हे विचारायची आमची छाती नव्हती. पण तुम्ही हळूहळू उठलात, दाढी करू लागलात, जेवणात मीठ कमी आहे म्हणून कुरकुरू लागलात.

आता डॉक्टरीणबाईंकडून परत आल्यावर मी आईला गोळीचं नाव विचारलं. म्हणाली, "पांढरी होती. साऱ्याच पांढऱ्या राह्यतात." पाकीट तुम्ही चुलीत घालायचात म्हणे. म्हणून तिला घेऊन पुसदला गेले. दवाखान्याच्या जागी साड्यांचं दुकान आहे. दुकानदार म्हणाला, डॉक्टर केव्हाच मुलाकडे गेले, कुठे ते ठाऊक नाही. उन्हात उभी राहून मी तुमच्या नावाने जे काही पुटपुटले ते लिहीत नाही.

परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गोळी तर होतीच. पण तुह्ये बाबा तिथं बोलत होते. घंटा घंटा. मी बाहेर बाकावर बसो. कधी रडले बी, मले आवाज ये."

"काय बोलत होते?"

"मी कायले ऐकू? पोरीले सांगू नको म्हने, एवढंच मले सांगितलं."

बाबा, आमच्याशी तुम्ही पाऊसपाणी आणि परीक्षा सोडून कशावर बोलला नाहीत. जेवताना कोणी बोललं तर डोळे वटारायचात. आणि पुसदच्या परक्या माणसापुढे तासभर! मी एसटीत इतकी चिडले की आईने मला पाण्याची बाटली दिली, लहान मुलीला देतात तशी.

तरी हे सगळं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, नाव नाही कळलं तरी हे कामाचं आहे. एकदम बंद करू नका असं बजावून त्यांनी जुनी गोळी हळूहळू कमी करत थांबवली, दुसरी सुरू केली, आणि बोलण्यासाठी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. नव्या गोळीने निदान बसवतं. बाईंकडे पहिल्यांदा मी सोयाबीनबद्दल बोलत बसले. त्या ऐकत राहिल्या. आता थोडं थोडं बोलता येतं.

त्यांनी परवा विचारलं, घरी माहीत आहे ना? मी म्हटलं, हो, सगळ्यांना. नवऱ्याला माहीत नाही, मुलांना नाही. आईला आहे, आणि आता तुम्हाला.