निंबखेडीचा गॅस नागपूरला जातो, तर माझ्या गोवऱ्या का नकोत, याबाबत

प्रति,
मा. अनुविभागीय अधिकारी (राजस्व),
सौंसर, जिल्हा पांढुर्णा (म. प्र.)

अर्जदार: श्रीमती कुसुम दादाजी बारंगे, राहणार मौजा निंबखेडी, बोरगाव रोड, तहसील सौंसर. धंदा: खानावळ (सध्या बंद).

विषय: माझ्या गोवऱ्या नागपूरला पाठविण्यास श्री. वीरेंद्र बारंगे यांनी घेतलेल्या हरकतीबाबत खुलासा व विनंती.

संदर्भ: १) श्री. वीरेंद्र बारंगे, अध्यक्ष, निंबखेडी गोधन गॅस सहकारी समिती, यांची दि. १०/०२/२०२६ च्या जनसुनवाईतील तक्रार. २) पटवारी साहेबांच्या हस्ते मला मिळालेली नोटीस.

महोदय,

नोटिशीत उत्तरासाठी तीन दिवसांची मुदत आहे. मी दुसऱ्याच दिवशी उत्तर देत आहे, कारण खानावळ बंद असल्याने मला वेळच वेळ आहे. अर्ज हिंदीत असावा असे आपल्या कार्यालयातून सुचवण्यात आले. माझी पुतणी तृप्ती हिने केलेली हिंदी प्रत सोबत जोडली आहे. तिच्या हिंदीत मी फार समजूतदार बाई वाटते. म्हणून मतभेद झाल्यास मराठी प्रत खरी धरावी.

१. तक्रारदार वीरेंद्र हे माझे चुलत दीर. त्यांच्या अध्यक्षपदाखाली गावात शेण आणि बोरगावच्या कारखान्यांतून येणारा संत्र्याचा चोथा यांपासून गॅस करण्याचा प्रकल्प उभा राहिला. शेण गावाचे, गॅस गावाचा, नळी घरोघरी आणि भाव सिलिंडरच्या निम्मा. उद्घाटनाला मीच त्यांना ओवाळले होते. त्या गॅसवर मी बोरगावच्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसांची खानावळ चालवत असे. पहाटे शेगड्या पेटत आणि सकाळच्या पाळीला डबे पोचत. पोळ्या लाटायला शेजारची प्रतिभा होती. तिच्याकडे ना म्हैस, ना शेत. माझ्या पोळपाटावर तिचे घर चालत होते.

२. पुढे अध्यक्षांना सीमेपलीकडचे, महाराष्ट्रातले नागपूर दिसले. तिथल्या गाड्यांच्या पंपांना आणि हॉटेलांना गॅस हवा होता व ते दामही चढा देत होते. पहिल्यांदा 'गावाला पुरून उरलेला' गॅस टाक्यांत भरून जाऊ लागला. वर्षभरात गोष्ट उलटी झाली, नागपूरला पुरून उरलेला गावाला येऊ लागला. त्यानंतर गावाचा दर नागपूरच्या दराला बांधण्यात आला. आमसभेत मी विचारले की शेण आमच्या गोठ्यातले, टाकी आमच्या गावठाणात, मग भाव नागपूरचा कसा? त्यावर अध्यक्ष भर सभेत म्हणाले, "वैनी, तुमाले मार्केट समजत नाही जी. ज्या देशायत जमिनीतून गॅस निघते, तेही जहाजं भरून बाहेर पाठोवतात. तिकडच्याही घरातली बिलं वाढतात. मोठ्यायचं चालते, मंग आपलंच काहून नाही?" सभा हसली. मीही हसले, कारण त्या वेळी माझी खानावळ चालू होती.

त्यांनी असेही समजावले की गावाला जुन्या दराने गॅस दिला तर नागपूरकडून मिळू शकणारे पैसे बुडतात, आणि तो समितीचा तोटा होय. खिशातून गेलेला पैसा म्हणजे तोटा, एवढेच मला ठाऊक होते. न मिळालेला पैसाही तोट्यात धरायचा असेल तर मी जन्मापासून बुडीत आहे, ही नोंद महसूल दप्तरी करून घ्यावी.

३. खोटे लिहिणार नाही. निर्यातीने काहींचे भले झाले. शेणाला कधी नव्हे तो भाव आला. आठ म्हशींच्या देवकाबाईंनी दारात स्कूटी उभी केली आहे. चालवता येत नाही, रोज पुसतात. समितीने दुसरी टाकी बांधली आणि लाभांशही वाटला. पण ज्याच्या गोठ्यात शेण, त्याचा फायदा झाला. ज्याच्या घरात नुसतीच चूल, तो मेला. अध्यक्ष म्हणत की बाहेर विक्री वाढली की उत्पादन वाढेल आणि मग घरचा भावही उतरेल. उत्पादन वाढले. भावाला उतरण्याची वाट अजून सापडलेली नाही.

४. नागपूरची गाडी भल्या पहाटे भरते. नेमक्या त्याच वेळी माझ्या शेगडीतला जाळ अगरबत्तीच्या टोकाएवढा होऊ लागला. पोळ्या कच्च्या राहू लागल्या. एका कामगाराने डबा परत आणून विचारले, "काकू, हे पोळी आहे का ओली कणिक?" मी सरपणाकडे वळले, तर अर्धे गाव आधीच वळलेले. लाकडाचा भाव चढला, सिलिंडरला रांग लागली. म्हणजे गॅस एकच बाहेर गेला, पण महाग सगळेच जळण झाले. मी समितीकडे लेखी तक्रार केली. उत्तरादाखल माझी जोडणी 'व्यावसायिक' ठरवून दर आणखी वाढवला, आणि मी वाढीव बिल नाकारल्यावर नळीला सील ठोकले. सील ठोकताना अध्यक्ष स्वतः हजर होते व त्यांनी माझ्या ओट्यावर बसून माझ्याच घरचा चहा घेतला. प्रतिभा आता संत्र्याच्या पेट्या उचलायला जाते. पेटी तिच्या अर्ध्या अंगाएवढी असते.

५. त्या दिवसापासून मी माझ्या पाच म्हशींचे शेण समितीला देणे बंद केले आणि दिवाळीनंतर गोवऱ्या थापायला घेतल्या. शेजाऱ्यांकडूनही समितीच्याच भावाने रोख देऊन शेण घेतले. परसात गोवऱ्यांची रास चढत गेली तशी गावाची करमणूक झाली. देवकाबाई कुंपणावरून रोज विचारत, "कुसुम, ताजमहाल बांधून राहिली का वं? आत कोणाले ठेवतं?" मी म्हणे, "बाई, माणूस शोधून राहिली." गोवऱ्यांचे पुढे काय करायचे हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. फक्त आपले शेण त्या टाकीत जाऊ द्यायचे नाही, एवढे पक्के होते. मारुतीरायाने पुढचे ठरवले.

६. अध्यक्षांनी नवस केला होता की नागपूरचा पाच वर्षांचा करार झाला तर जामसांवलीला मारुतीसमोर अख्ख्या गावाला रोडग्यांचे जेवण देईन. करार झाला. येत्या शनिवारी, दि. २१ रोजी, जेवण आहे. पत्रिका वाटल्या आहेत, आणि नागपूरची बडी मंडळी, ज्यांच्या सहीने करार झाला ती, पंगतीला येणार आहेत. आपण बाहेरगावचे असाल म्हणून लिहिते: रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, ते गोवऱ्यांच्या आरातच, म्हणजे निखाऱ्यांतच, भाजायचे असतात. शेगडीवरच्या रोडग्याचा नैवेद्य आमच्याकडे देवाला चालत नाही आणि माणसालाही आवडत नाही. आचाऱ्याने गोवऱ्या मागितल्या तेव्हा अध्यक्षांच्या लक्षात आले की आसपासच्या कोणत्याच गावात गोवरी उरलेली नाही. मोहगावपर्यंत माणूस पाठवला, तो रिकामा आला. सगळे शेण त्यांच्याच टाकीत गेलेले. सबंध टापूत गोवऱ्यांची रास एकच उरली होती, आणि ती माझ्या परसात.

७. अध्यक्ष एका रात्री जेवणखाण आटोपल्यावर माझ्या घरी आले. माझ्या हयातीत प्रथमच चपला बाहेर काढून आले. "वैनी, गोवऱ्या लागून राहिल्या. देवाचं काम आहे." मी म्हटले, भाऊजी, आनंद आहे, पण नागपूरचे व्यापारी कुलदीप यांच्याशी माझा सौदा झालेला आहे. ते गोवऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून होमहवनासाठी विकतात आणि दर चांगला देतात. वीस तारखेला, शुक्रवारी, ट्रक येणार आहे. अध्यक्ष म्हणाले, "अवं पण गावातच गरज आहे ना!" मी म्हटले, मग नागपूरचा भाव द्या आणि कुलदीप वाहतुकीचे म्हणून जे वेगळे देणार आहेत तेही भरा, कारण ते मला मिळू शकले असते. ते म्हणाले, "गावच्या माणसाले नागपूरचा भाव लावता? घरच्याले?" मी म्हटले, तुम्हाला मार्केट समजत नाही जी.

महोदय, हे वाक्य बोलण्यासाठीच मी दिवाळीपासून शेणात हात घालून बसले होते, हे मला तेव्हा कळले, असे मी प्रामाणिकपणे नमूद करते.

८. त्यानंतरच्याच मंगळवारी, दहा तारखेला, तक्रार झाली. तीत माझ्यावर तीन आरोप आहेत. पहिला साठेबाजीचा. साठा पाच म्हशींनी केला, मी फक्त थापला. दुसरा आगीच्या धोक्याचा. माझी रास घरांपासून जितकी लांब आहे तितकी समितीची टाकी शाळेपासूनही नाही. पटवारी साहेबांनी हवे तर मोजून घ्यावे. तिसरा धार्मिक भावना दुखावल्याचा. मी दर शनिवारी जामसांवलीला जाते व या शनिवारीही माझ्या घरचे पाच रोडगे वाहीन, त्यापुरत्या गोवऱ्या बाजूला काढल्या आहेत. अध्यक्षांच्या नवसाचे जळण पुरवण्याचे कंत्राट मारुतीने मला दिलेले नाही.

९. तक्रारीतले एक वाक्य मात्र मला मनापासून पटले. अध्यक्ष लिहितात: "गोवरी हे गावाचे जीवनावश्यक इंधन असून गावाची गरज भागल्याशिवाय ते परप्रांतात पाठविणे हा ग्रामस्थांवर अन्याय आहे." हे मला स्वतःला इतके चांगले लिहिता आले नसते. मी ते ठळक अक्षरात छापून घेतले आहे. खाली त्यांची सही आहे, पदाचा शिक्का आहे.

सबब विनंती अशी की आपण पुढीलपैकी कोणताही एक निर्णय द्यावा. जो द्याल तो मला मान्य राहील.

अध्यक्षांचे वरील म्हणणे बरोबर असेल, तर माझ्या साऱ्या गोवऱ्या शुक्रवारच्या आत जप्त कराव्यात. मी एक रुपयाही मागणार नाही, ट्रॉलीत स्वतः भरून देईन आणि कुलदीप यांची बोलणी ऐकून घेईन. फक्त आदेशाचे कारण अध्यक्षांच्याच शब्दांत लिहावे आणि गावाचे जे जे इंधन परप्रांतात जाते त्या सर्वांना तो लागू करावा. म्हणजे आदेशाच्या दुसऱ्याच पहाटे समितीची नागपूरची गाडी फाटकात उभी राहील, गावाच्या नळ्यांत गॅस येईल आणि माझ्या नळीचे सील निघाले की प्रतिभा सोमवारपासून पोळ्या लाटेल.

किंवा चार पैसे जास्त मिळतील तिकडे माल जाणारच असे आपले मत असेल, तर माझा ट्रक अडवू नये. रोडगे कशावर भाजायचे ते अध्यक्षांनी बघावे.

माझ्या गोवऱ्या अडवायच्या आणि त्यांची गाडी सोडायची, असा तिसरा निर्णय द्यायचा झाल्यास तो लेखी द्यावा. त्याच्या प्रती काढून मी शनिवारी पंगतीत पानागणिक एक ठेवीन.

निर्णयापूर्वी अध्यक्षांना समोर बोलावून, वरील पहिल्या दोन आदेशांपैकी त्यांना कोणता हवा, हे त्यांच्याकडून सहीनिशी घ्यावे. त्या वेळी मलाही बोलवावे. मी काही बोलणार नाही. समोरच्या बाकावर बसून त्यांचा चेहरा पाहीन. बसचे भाडे माझे.

या अर्जापुरती आपली नम्र,

(सही)
कुसुम दादाजी बारंगे
मौजा निंबखेडी
दि. १८/०२/२०२६

सोबत:
१) तक्रारीतील उपरोक्त वाक्य, मोठ्या अक्षरात, पाच प्रती.
२) समितीची शेवटची तीन बिले, न भरलेली.
३) सील ठोकलेल्या नळीचा फोटो. मागे चहा पिताना दिसतात ते अध्यक्ष.
४) शनिवारच्या पंगतीची पत्रिका. मला आलेली नाही, देवकाबाईंची घेतली आहे.
५) गोवरी, नमुन्यादाखल एक. परत नको.