पेय क्रमांक सात आणि बायकोचं पळणं

१२ मार्च, रविवार. सकाळी ७.
आजपासून घरात बाटलीबंद कोल्ड्रिंक बंद. त्याऐवजी फळं आणि सुगंधी पानं यांचं थंड पेय मी स्वतः बनवणार. साखर नाही, कृत्रिम रंग नाही, दारू तर नाहीच. बायको म्हणाली, आपल्या घरात दारू होती कधी? मुद्दा तो नाही.
सव्वीस वर्षं रंगाच्या कारखान्यात शेड जुळवतोय. गिऱ्हाईक भिंतीचा टवका आणून देतं, मी हुबेहूब तोच रंग काढून देतो. त्या माणसाला सरबत म्हणजे हातचा मळ.

११.३०.
कलिंगड आणि पुदिना. एक लाल, एक हिरवा. मिक्सरमधून तपकिरी निघाला. (निघणारच. मला माहीत होतं.) मुलगी म्हणाली, बाबा, पायपुसणं पिळलंत का? कॉलेजात गेल्यापासून जिभेला हाड नाही. बायकोने एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात ठेवला. चव घोळवत असणार. मग घाईघाईने बाल्कनीत गेली.

१३ मार्च, सोमवार.
नियम केला. रोज सकाळी बरोब्बर साडेसहाला प्रत्येकाने एक ग्लास, रिकाम्या पोटी. वहीत अभिप्राय लिहायचा. मुलीने लिहिलं, 'नको.' हा अभिप्राय होऊ शकत नाही. खोडला.

१६ मार्च, गुरुवार.
गंमतच झाली! साडेसहाला बायको घरात नव्हती. सव्वासातला आली ती घामाघूम. म्हणाली, पळायला गेले होते. पळायला! डोळ्यांसमोरून बस सुटली तरी जी बाई कधी पळाली नाही, ती!
चार दिवसांत हा परिणाम. लाल शाईने नोंद केली.

२१ मार्च, मंगळवार.
रंग दाट की पातळ हे बघायला आमच्या लॅबमध्ये बुडाला भोक असलेला कप असतो. तो भरायचा, रंग खालून ओघळू द्यायचा आणि सेकंद मोजायचे. आज जेवणाच्या सुट्टीत पेय क्रमांक चार लावून पाहिलं. अठ्ठेचाळीस सेकंद! साहेब मागे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. म्हणाले, प्रायमर कुणाचा आहे हा? मी म्हणालो, सर, हे प्यायचं आहे. ते कपाकडे एकदा बघून केबिनमध्ये गेले.
छाप पडली असावी.

२६ मार्च, रविवार.
बायको एक दिवस चुकवत नाही. तिला निघण्याआधी ग्लास मिळावा म्हणून मी सव्वासहाची वेळ केली, तर ती सहाला गेली. मी पावणेसहा केली, ती साडेपाचलाच गायब. काय ही शिस्त! शेवटी ग्लास घेऊन बाल्कनीतून हाका मारल्या. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. उलट वेग वाढवला. एकाग्रता.

२ एप्रिल, रविवार.
शेजारचा दातांचा डॉक्टरही पळतो. जिन्यात भेटला. म्हणाला, वहिनींचा दम चांगला आहे. सात मेला आमच्या क्लबची पाच किलोमीटरची शर्यत आहे, त्यांनी उतरायलाच हवं. त्या दमाचं उगमस्थान दाखवावं म्हणून त्याला घरात घेऊन क्रमांक पाच पाजलं. त्याने विचारलं, यात वाळू आहे का? या लोकांना सगळीकडे कणच दिसतात. (पुदिना धुवायचा राहिला होता. पण कणभरच.)

९ एप्रिल, रविवार.
बायकोने शर्यतीत नाव घातलं, पंचेचाळीसच्या वरच्या गटात. मी डॉक्टरला सांगितलं, सगळ्या स्पर्धकांना माझ्यातर्फे पेय. तो म्हणाला, पाण्याची सोय झाली आहे. मी तासभर समजावलं. शेवटी त्याने कपाळ चोळत टेबल मंजूर केलं. शेवटच्या रेषेपलीकडे, फिरत्या शौचालयांना लागून. मोक्याची जागा. तिथे सगळेच येतात.

१५ एप्रिल, शनिवार.
बायको जिंकली तर तिला माइकवर बोलावं लागणार. ऐनवेळी शब्द सुचत नाहीत, म्हणून मीच चार ओळी लिहून दिल्या. 'माझ्या यशामागे एका माणसाचे सकाळचे परिश्रम आहेत,' अशी सुरुवात. तिने कागद वाचला, घडी घातली आणि टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली सारला. टेबल आता हलत नाही. पण भाषण?

२० एप्रिल, गुरुवार.
मुलगी म्हणाली, बाबा, आई का पळते हे तुम्ही तिला एकदा तरी विचारलंत का? विचारायचं काय त्यात? वही आहे माझ्याकडे.

५ मे, शुक्रवार.
क्रमांक सात सिद्ध! कलिंगड, अननस, पुदिना, गवती चहा. वीस लिटर. सोलता सोलता बोटं फुगली, मिक्सरमधून धूर आला, मग हाताने कुस्करलं. डॉक्टर म्हणत होता, ऐन रविवारी सकाळी ताजं करा. त्याला काय कळतं? रंगसुद्धा ढवळून लगेच लावत नाहीत, मुरू देतात. फ्रिजमध्ये जागा नव्हती. बाटल्या गच्च बंद करून बाल्कनीत ओल्या फडक्याखाली ठेवल्या.
बोर्ड रंगवला, 'शंभर टक्के मद्यविरहित'. अक्षरं अशी उतरली आहेत की बघत राहावं.

६ मे, शनिवार.
फार उकाडा. बाटल्या हाताला टणक लागतायत. मुरतंय.

७ मे, रविवार. दुपारी ३.
जे झालं ते झालं तसं लिहितो.
सकाळी सातला टेबल मांडलं. ऊन थेट बाटल्यांवर. साडेसातला पहिलं झाकण उडालं आणि क्लबच्या अध्यक्षांच्या टोपीला लागलं. मग दुसरं. मग ओळीने सगळीच. फेस टेबलावरून, बोर्डावरून, माझ्या शर्टावरून वाहायला लागला. डॉक्टर धावत आला, त्याने वाकून वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं किडलेल्या दाढेकडे बघत असेल. मग बोर्ड उचलून उलटा ठेवला. शौचालयाच्या रांगेतले दोघे मात्र रांग सोडून माझ्याकडे आले आणि आणखी मिळेल का म्हणाले. त्यांना हाकललं.
मी फडक्याने फेस पुसत होतो तेवढ्यात वळणावरून एक बाई आली. खांदे सैल, पाऊल हलकं, जमिनीला नुसतं शिवून जाणारं. मनात आलं, कोण बाई आहे, किती छान पळतेय. फडकं हातात तसंच राहिलं. जवळ आली तेव्हा कळलं, बायको.
तिसरी आली. तीस जणींत तिसरी.
मंचावर डॉक्टरने माइक पुढे धरला. म्हणाला, वहिनी, या वयात पळायची सवय लागली कशी? मी पुढे सरकलो. चिकट शर्टाची बटणंही लावली.
बायको म्हणाली, खरं सांगू का, आमच्याकडे रोज सकाळी सरबत तयार असतं. ते चुकवायला मी घराबाहेर पडायला लागले. घरी सांगितलं पळायला गेले, पण पहिले दोन दिवस कोपऱ्यावर उन्हात नुसती उभी होते. मग लोक बघायला लागले म्हणून चालले. मग हे बाल्कनीत ग्लास घेऊन उभे दिसले, तेव्हा पळाले.
सगळं मैदान हसलं. माझ्या आग्रहावरून साहेबही आले होते, ते तर खुर्ची धरून हसत होते. मुलगी हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. ते जास्त लागलं.
मग बायको म्हणाली, पण आता त्यांनी सरबत सोडलं तरी मी पळणं सोडणार नाही. मला आवडतं. यावर टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हात चिकटत होते.

८ मे, सोमवार.
साडेपाचला उठलो. काही बनवलं नाही. बायको बुटाची नाडी बांधत होती. म्हणाली, आज मोकळे दिसताय, चला.
गेलो. चपला घालूनच. दुसऱ्या विजेच्या खांबापाशी श्वास संपला, बागेच्या कठड्यावर बसलो. ती बागेला फेरी मारून आली तेव्हा मी तिथेच होतो. दुसऱ्या फेरीलाही तिथेच. तिसऱ्या फेरीला तिने स्वतःची बाटली माझ्या हातात ठेवली आणि न थांबता पुढे गेली.
साधं पाणी होतं. सगळं प्यायलो.